एका जाळीचा भाव

पत्र्याची झाकणे ठोकणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे थोरली म्हणत. घरातही ती थोरलीच जाऊ होती. धाकट्या जावेची तीन बोटे ज्या प्रेसखाली गेली, त्याच प्रेसवर थोरली वर्षभर बसत होती. काम सोपे होते: पत्रा साच्यावर ठेवायचा, हात काढून घ्यायचा, पायाने खटका दाबायचा. परंतु पत्रा सरकवताना साच्याच्या कडेला आधीच कुणाचा तरी हात टेकलेला आहे, असे तिला वाटे आणि ती थबके.

"काय थोरले, प्रेसशी गप्पा मारतेस?" मुकादम मागून म्हणे.

तो हात बाजूला होण्याची आपण वाट पाहतो, हे ती कुणाला सांगणार?

एके दिवशी अभ्यासासाठी एक तरुण बाई आली. कामगाराच्या सुरक्षिततेचे मोल पैशांत मांडता आले, तर सुधारणेचा खर्च करायला लोक तयार होतील, असा तिचा प्रामाणिक विश्वास होता. प्रश्न एकच: बंद झाल्याखेरीज प्रेस खाली येऊच देणार नाही अशी जाळी बसवली, तर त्यासाठी रोजातून किती कमी घ्याल?

चहाच्या सुट्टीत बायकांनी निकाल लावून टाकला.

"जाळीबिळी काही नाही. मालकाला रोज कापायचाय, म्हणून हिला पुढे धाडलीय."

"आकडा तोंडातून निघाला, की तोच गळ्यात पडायचा."

सगळ्यांनी शून्य सांगितले. थोरलीनेही. दुधाने तोंड पोळलेल्या माणसांचे ते शहाणपण होते. कागदावर मात्र त्याचा अर्थ एवढाच उरणार होता, की या बायकांना आपल्या हातांची काही किंमत वाटत नाही.

संध्याकाळी धाकटी उरलेल्या दोन बोटांत शेंगा धरून सोलत बसली होती.

"काय सांगितलंत, जाऊबाई?"

"शून्य. सगळ्याच म्हणाल्या."

धाकटीने हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, "बरोबरच केलंत. घरात खाणारी तोंडं आहेत. फक्त सोमवारपासून माझी पोर तुमच्या शेजारच्या प्रेसवर बसणार, तेवढं ध्यानात असू द्या."

दुसऱ्या दिवशी थोरली त्या बाईसमोर उभी राहिली. "माझा आकडा बदला. अर्धा रोज लिहा."

बाईचे पेन थांबले. "मावशी, इतकं कोणी सांगत नाही. असं टोकाचं उत्तर हिशेबातून वगळतात."

"आणि शून्य?"

"ते धरतात."

मुकादम जवळच होता. त्याने ही गंमत मालकाच्या कानावर घातली आणि मालकाला तीत सौदा दिसला. खर्च फिटेपर्यंत थोरलीने अर्ध्या रोजावर काम करावे; जाळी एकाच प्रेसला बसेल, कोणत्या ते तिने सांगावे. तिने शेजारच्या प्रेसकडे बोट दाखवले.

सोमवारी दुपारपर्यंत पुतणीची कुरकुर सुरू झाली.

"काकू, ही सारखी मधे येते. बाकीच्या कुठल्या कुठे पुढे गेल्या."

"जाऊ देत."

"कोणी मागितली होती कोण जाणे."

शेजारची जाळी बंद झाल्याचा आवाज कानी आल्याशिवाय थोरलीचा पाय खटक्यावर पडत नव्हता. तिचे नगही त्या दिवशी कमी भरले.