जवाईबापू उठेपर्यंत

माझ्या नणंदेच्या नवऱ्याला मी तोंडावर जवाईबापू म्हणते. मनात काय म्हणते ते लिहिण्यासारखं नाही, आणि चिखलदऱ्याच्या त्या दिवसानंतर तर मुळीच नाही.

जायचं होतं सासूबाईंसाठी. त्यांचं सगळं आयुष्य कुहीकडच्या धानाच्या बांध्यांत गेलं. नजर टाकावी तिकडे सपाट जमीन. नागपूरला आमच्याकडे आल्या त्या डोळे दाखवायला, तर दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. घरी येऊन त्या रडल्याबिडल्या नाहीत. पहाडावरून खाली दरी कशी दिसते ते एकदा पाहायचं आहे, एवढंच म्हणाल्या. मी नवऱ्याच्या मागे लागून गाडी काढायला लावली. त्याने लगेच बहिणीला फोन केला, आणि बहीण येणार म्हणजे तिचा नवरा आलाच.

पुढची सीट अर्थातच त्याची. मागे आम्ही तिघी, पायाशी पिशव्या. परतवाडा सुटून घाट लागला तेव्हा सासूबाईंच्या खिडकीबाहेर नुसता कापलेला डोंगर होता. दरी होती जवाईबापूंच्या बाजूला, आणि तो मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. जागा बदलून घ्या म्हणायची हिंमत गाडीत कोणाला नव्हती.

वर पोचलो तेव्हा ऊन स्वच्छ होतं. चहाच्या टपरीवाल्याने आपणहून सांगितलं की आधी पॉइंटवर जाऊन या, दुपारनंतर धुकं चढतं. ते सगळ्यांनी ऐकलं. पण जवाईबापूंना आधी बाजार हवा होता. त्यांनी मध चाखून नकली ठरवला. रबडी ओरपली आणि नागपूरची बरी म्हणून सांगितलं. जन्मात कॉफी न पिणाऱ्या या माणसाने कॉफीची पुडी घासाघीस करून घेतली. मग जेवण. घरून निघताना त्याने खिशात सावजी मसाला घातला होता. तो हॉटेलवाल्याच्या हातात देऊन कोंबडी यातच करा म्हणून बजावलं. एवढा पहाड चढून आला तो घरचाच रस्सा खायला.

आमच्याकडे जावई पानावरून उठत नाही तोवर कोणी उठत नाही. लग्नाच्या पंगतीत ते शोभतं. इथे सासूबाईंचं जेवण केव्हाच झालं होतं, उष्टा हात ताटावर वाळत होता आणि बाहेरचं ऊन फिकं पडत चाललं होतं. त्याने आणखी रस्सा मागवला. मी म्हटलं, तुम्ही सावकाश जेवा, मी आईंना घेऊन पुढे होते. नवऱ्याने ताटातून मान वर केली नाही. मी उठायला लागले तर सासूबाईंनी डाव्या हाताने माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. मी बसले.

पॉइंटवर गेलो तेव्हा कठड्यापलीकडे सगळं पांढरं होतं. सासूबाई कठडा धरून, डोळे बारीक करून बघत राहिल्या. आपलीच नजर गेली असं त्यांना वाटू नये म्हणून मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं की धुकं आहे, कोणालाच काही दिसत नाही, आपण उशीर केला. तेवढ्यात जवाईबापू दात कोरत आले आणि दरी दिसली ना, असं त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"दिसली ना, जवाईबापू," सासूबाई म्हणाल्या. "लय खोल हाये. तुमच्यामुळं पाहाले भेटली."

तो खूश होऊन फोटोसाठी जागा शोधायला पुढे गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी म्हटलं, "काहून खोटं बोलून राहिल्या आई? काहीच दिसलं नाही तुमाले."

तो लांब गेला याची त्यांनी आधी खात्री केली. मग हळूच म्हणाल्या, "माह्या पोरीले त्याच्या घरी राहाचं हाये वं. मी पहाड नाही पाहिला तरी चालते."

नणंद आमच्या मागेच उभी होती. तिने ते ऐकलं. तिच्या नवऱ्याने हाक मारली तशी ती ओढणी सारखी करत गेली आणि त्याच्या शेजारी उभी राहून फोटोसाठी हसली.