रिकामं काही जायचं नाही

पहाडावर जाऊन आलेल्या माणसाला लोक पहाडाबद्दल विचारतील, अशी माझी समजूत होती. हिमनदी कशी दिसते, सकाळी शिखरांवर ऊन कसं उतरतं, यावर बोलायची मी तयारीही केली होती. पण फूलबागेत संध्याकाळी जो भेटतो तो एकच विचारतो, "बरोबर काय काय नेलं होतं?" मी एक वस्तू सांगतो. त्या वस्तूला एक किस्सा चिकटलेला निघतो, त्या किश्शाला दुसरा. बांधताना होल्डॉलमध्ये होतं त्याच्या दुप्पट सामान सोडताना निघावं, तशातली गत! तेव्हा आता एकदाच सगळं सोडून ठेवतो.

* * *

मला लहानपणीच मामाकडे पुण्याला पाठवलं आणि तिथून पुढे इंजिनिअरिंगसाठी स्कॉटलंडला. त्यामुळे परत आलो तेव्हा माझी मराठी पुणेरी होती, इंग्रजी स्कॉटिश होती आणि हिंदी नव्हतीच. जन्म इथला, या लश्कर शहरातला, पण लश्करच्या टांगेवाल्याशी बोलता येईना!

आमचं घर उताराच्या तळाशी. एका सकाळी मला बाहेर जायचं होतं. गॅलरीतून पाहिलं तर वर गल्लीच्या तोंडाशी एक टांगा उभा. मी ओरडलो, "टांगा खाली लाओ!"

टांगेवाल्याने मान हलवली, मागे वळून काहीतरी सांगितलं आणि टांगा खाली आणला. टांग्याच्या मागून, भर उन्हात, डोक्यावर पगडी आणि हातात छत्री अशा थाटात आमचे काका, नाना, पायी येत होते.

"कोणी रे हुकूम सोडला?" नाना दारातूनच गरजले. "मला म्हणतो, उतरिए साहब, ऊपर से हुक्म है!"

नानांची मुलगी कमल हसून हसून ओट्यावर बसली. ती इथल्या मुलींच्या शाळेत हिंदी शिकवते. म्हणाली, "दादा, इथे 'खाली' म्हणजे रिकामं. तुला हवं होतं ते 'नीचे'. अरे, आपल्या मराठी घरांतल्या मुलींच्या वह्यांत मी वर्षभर हीच एक चूक तांबड्या शाईने सुधारते!"

* * *

स्कॉटलंडमध्ये मी दर सुट्टीत डोंगर चढलो होतो आणि डोक्यात एकच घेऊन आलो होतो: आपली माणसं पहाडावर गेली पाहिजेत. फूलबागेत दहावीस जण जमवून मी भाषण ठोकलं. म्हटलं, आपण हिमालयाला घरबसल्या नमस्कार फार केले. आता त्याच्या अंगाखांद्यावर चढलं पाहिजे. तीर्थ म्हणून नव्हे, हवापालट म्हणून नव्हे! आपल्या पायांनी, थोडक्या सामानात! उन्हाळ्यात कुमाऊँला जाऊ, पिंडारीच्या हिमनदीपर्यंत चालत जाऊ!

टाळ्या जोरात पडल्या. मग मी विचारलं, "कोण कोण येणार?" तर सगळे झाडांवरचे पोपट बघायला लागले.

दोघंच उठली. एक शिर्के. हा 'शिंदे की छावनी' या मोहल्ल्यातला, घराण्यात सगळे घोडदळातले, हा एकटा दप्तरात. दुसरी कमल.

"पुस्तकात बर्फाचा धडा आहे," ती घरी आल्यावर म्हणाली. "दर वर्षी कोणीतरी विचारते, बहनजी, बर्फ हाथ में कैसी लगती है? मी म्हणते, पान उलटा. मला एकदा हात लावून यायचंय."

नानांनी पानाचा डबा बंद केला. "मुलगी एकटी जाणार नाही. ती जाईल तर मी जाईन. मी जाईन तर माझी पेटी येईल. पेटी जिथून परत, तिथून मी परत. आणि मी जिथून परत, तिथून कमल परत! बिलकुल पक्कं."

"कबूल," कमल म्हणाली. मला वाटलं, पेटी ती काय असणार!

* * *

थंडीत आम्ही सराव सुरू केला. दर रविवारी पाठीवर दहा शेर वजन घेऊन किल्ला चढायचा. मी पोत्यात विटा भरायचो. कमल शाळेतले जुने भूगोल घ्यायची. शिर्केची पिशवी खाली चांगली गच्च दिसायची, पण वरच्या दरवाजाशी पोचेपर्यंत ती लोंबायला लागायची.

तिसऱ्या रविवारी मी ती उघडली. आत नुसता कागद आणि तिळाचा चुरा!

"शिर्के, यात काय होतं?"

"गजक."

"सगळी खाल्लीस? अरे, वजन वर आणायचं होतं!"

"आणलं ना यार!" शिर्के शांतपणे म्हणाला. "एक तोळा कमी नाही. पिशवीतून पोटात बदली झाली, इतकंच!"

* * *

आता पेटी. नानांची सगळी नोकरी दरबारच्या फरासखान्यात गेली. तंबू, कनाती, जाजमं, लोड, समया, हे सगळं बांधायचं, शिकारीच्या मुक्कामावर न्यायचं, मांडायचं, परत आणायचं. जंगलात पोचल्यावर घटकाभरात जाजम अंथरलेलं हवं आणि त्यावर एक सळ दिसता कामा नये, हा नानांचा धर्म. पेन्शनीत आले तरी घरातली सतरंजी दुसऱ्या कोणी अंथरली की ते उठून पुन्हा अंथरत.

मी त्यांना समजावलं: दोन सदरे, एक लोकरी कोट, एक घोंगडी, मोजे, एक वाटी.

"एक वाटी?" नाना म्हणाले. "मग मी जातोय कशाला, भीक मागायला?"

आणि त्यांनी पेटी भरायला घेतली. पाट. चांदीचा तांब्या. खलबत्ता. दोन लोड. एक जाजम. शिवाय अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब!

"नाना, बंब!"

"रिकामा नाही जायचा," नानांनी मला धीर दिला. "फरासखान्याचा कायदा आहे, रिकामं काही जायचं नाही. बंबात मोजे. तांब्यात सुपारी. खलबत्त्यात हिंगाची डबी. लोडाच्या अभ्र्यात तुझा तो विलायती कोट. बघ, जागा किती वाचली!"

बंब वाचवायला काकू धावून आल्या. पहाडाची दया येऊन नव्हे, घरात दुसरा बंब नव्हता म्हणून. बंब राहिला. बाकीची पेटी दोघांना मिळूनही उचलवेना.

* * *

बुटांना खिळे हवेत, नाहीतर बर्फावर पाय घसरतो. छावनीत घोडदळाचं चामड्याचं काम करणारा एक म्हातारा मोची होता. शिर्के म्हणाला, हाच. मी चौघांचेही बूट त्याच्यापुढे ठेवले आणि खुणा करून समजावलं: तळव्याला लोखंड, पकड घट्ट, उतारावर घसरता कामा नये.

बूट आले. मजबूत, काही बोलायला जागा नाही. नानांनी ते घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या, तशा काकू आतून म्हणाल्या, "अहो, टांगा आला वाटतं दाराशी!"

प्रत्येक टाचेला व्यवस्थित नाल ठोकलेला होता.

* * *

निघायच्या आधी मी रंगीत तालीम ठेवली. प्रत्येकाने सगळे लोकरी कपडे एकदम घालून बघायचे, कुठे आखूड, कुठे घट्ट, ते घरीच कळलं पाहिजे. महिना मेचा. बाहेर लू चाललेली. आम्ही चौघं दिवाणखान्यात बसलो: कोट, मफलर, हातमोजे, डोळ्यांपुरती फट ठेवलेल्या कानटोप्या.

नेमके तेवढ्यात शेजारचे मिश्राजी कशाला तरी दारात आले. त्यांना आधी नाना दिसले.

"अरे राम, नाना साहब को जूड़ी चढ़ी है क्या?"

थंडीताप नव्हे, हे सांगायला मी उठलो. माझ्या मागून शिर्के उठला. त्याच्या मागून कमल.

मिश्राजी दोन पावलं मागे सरले. "हे भगवान! पूरे घर को!"

संध्याकाळपर्यंत गल्लीतून तीन काढे आले. शिर्केने तिन्ही चाखले.

* * *

काठगोदामला रेल्वे संपली आणि पुढे पायवाट. देवदार, नद्या, डाकबंगले. मला इतका आनंद झाला होता, की प्रत्येक वळणावर मी काहीतरी समजावून सांगत होतो. नाना नालांचा टापटाप आवाज करत सगळ्यांत पुढे. हमाल पेटी आळीपाळीने वाहत आणि उतरवताना तिला काहीतरी पहाडी नाव देत. ते नाव विचारायची आमची हिंमत झाली नाही.

उंचावर एका मुक्कामी मी विलायतेहून आणलेला स्टोव्ह काढला आणि डाळ चढवली. डाळ उकळतेय, उकळतेय, पण शिजत नाही. नाना पाटावर वाट बघत बसलेले. मला ते विलायतीच म्हणत.

"विलायती, तुझ्या स्टोव्हला आपली डाळ ओळखता येत नाही का रे?"

मग मी हवेचा दाब समजावला. उंचावर हवा विरळ, म्हणून पाणी लवकर उकळतं, म्हणून त्याची ऊब कमी, म्हणून दाणा कच्चा. कागदावर पाऱ्याची नळी काढून दाखवली, आलेख काढून दाखवला.

नानांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे इथे हवा कमी आहे, म्हणून डाळ शिजत नाही?"

"अगदी बरोबर!"

"मग तू जरा कमी बोल. आहे ती तरी डाळीला राहू दे!"

* * *

शेवटच्या डाकबंगल्यावर हमालांचा मुकादम हात जोडून उभा राहिला. पुढे बर्फाचे उतार आहेत, वाट एका पावलाएवढी आहे, ही पेटी पुढे जाणार नाही.

नाना म्हणाले, "ठीक. पेटी परत, तर मी परत."

पुढचं वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. कमल खिडकीशी उभी होती. खिडकीतून वरचा बर्फ स्वच्छ दिसत होता. इतका जवळ, की पोरासोराने धावत जाऊन आणावा! मी नानांपुढे पुन्हा भाषण केलं. शिर्केने आपल्या वाटचे काकूंचे लाडू देऊ केले, यावरून प्रसंग किती गंभीर होता ते कळेल. नाना हलले नाहीत. "माझी काही जबरदस्ती नाही. शब्द झाला होता. कमलला विचार."

"झाला होता," कमल म्हणाली.

शेवटी मुकादमच विरघळला. सकाळी पेटी पहिल्या उतारापर्यंत नेऊन बघू, जमली तर जमली.

सकाळी निघालो. सगळ्यांत दांडगा हमाल, नाव दीवान, त्याच्या पाठीवर पेटी. नानांचे देव तेवढे त्यांच्या गळ्यातल्या झोळीत होते. पहिला बर्फाचा उतार आला. दीवान चार पावलं गेला, पाचव्याला त्याचा पाय सरकला. सावरला, पण पेटी एका बाजूला कलली. आता पुढे की मागे, ते त्याला ठरवता येईना.

घाबरल्यावर नानांच्या तोंडून नुसती मराठीच निघते. ते किंचाळले, "अरे, खाली! खाली ठेव ती पेटी! खाली!"

दीवानने पेटी पाठीवरून सोडवून बर्फात टेकवली. मग त्याने आमच्याकडे पाहिलं. बाबूजी अजून हातवारे करत होतेच. त्याला सगळ्यांत जवळची कमल. त्याने तिला विचारलं, "बहनजी, बाबूजी क्या कहते हैं?"

कमलने पेटीकडे पाहिलं. वरच्या बर्फाकडे पाहिलं. वर्गात शब्द सांगावा तशी ती स्पष्ट म्हणाली, "खाली."

दीवानने कडी काढली, पेटी उचलली आणि उतारावर उपडी केली.

आधी पाट गेला. त्याच्या मागून खलबत्ता, मग चांदीचा तांब्या सुपाऱ्या उधळत. दोन्ही लोड एकमेकांशी शर्यत लावून निघाले. सगळ्यांत शेवटी जाजमाची वळकटी. तिचा बंद सुटला, ती उतारावरून गडगडत निघाली आणि जाता जाता उलगडत गेली, थेट खालच्या सपाटीपर्यंत. पांढऱ्याशुभ्र बर्फावर तांबडं जाजम, ऊन नुकतंच त्यावर आलेलं.

दीवान रिकामी पेटी धरून उभा. मी नानांकडे बघायला धजेना.

नाना कडेपर्यंत गेले. छत्रीवर रेलून त्यांनी जाजम वरपासून खालपर्यंत पाहिलं. पुन्हा खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"माधव," ते म्हणाले. विलायती नव्हे, माधव! "एवढी नोकरी झाली, पण असं माझ्या हातून कधी पडलं नाही. बघ. एक सळ नाही!"

मग वळून त्यांनी आपली छत्री रिकाम्या पेटीत टाकली, ती हलकी पेटी दीवानच्या पाठीवर चढवली, त्याची काठी मागून घेतली आणि टापटाप करत पुढे चालायला लागले.

दुपारच्या आत आम्ही हिमनदीच्या तोंडाशी होतो. कमलने हातमोजे काढले, दोन्ही हात बर्फात खुपसले आणि लालबुंद होईपर्यंत काढले नाहीत. नाना तिच्या शेजारी उकिडवे बसून विचारत होते, "कशी लागते ग?"

परतताना सगळं सामान गोळा झालं. तांब्याला एक पोचा आला, तेवढाच. नाना आणि शिर्के जाजमाची घडी घालत होते, तेव्हा मी कमलला बाजूला घेतलं.

"काय ग, हिंदीच्या बाई! हमालाला 'नीचे' सांगायचं सोडून तू 'खाली' कसं सांगितलंस?"

कमलने हातमोजे चढवले. "दादा, नाना म्हणाले तेच सांगितलं मी," ती म्हणाली. "मराठीत!"