खारींची बंदूक

हॉबर्ट कोगरची खाणीतली नोकरी सुटली तेव्हा त्याला काडीचंही दुःख झालं नाही. पानगळीत खारींमागे हिंडायला तो मोकळा झाला. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या डोंगरात घरोघरी हरणांसाठी मोठ्या रायफली होत्या, पण हॉबर्टचा जीव आपल्या पॉइंट टू-टूवर, बारीक गोळीच्या हलक्या रायफलीवर. तिचा धड दणका नाही, की खांद्याला धक्का नाही.

"आता तरी मोठा हो, खरी बंदूक घे," शेजारचा डेन्झिल चिडवायचा.

"तुझ्या तोफेने खार मारली तर रश्शात घालायला शेपूट तेवढी उरेल," हॉबर्ट म्हणायचा.

त्याची बायको विल्डा लग्न करून आली ती बंदुकीला घाबरतच. त्याने तिला शिकवलं. पुढे डबे उडवण्यात तीच त्याला भारी पडू लागली, आणि तो बिचारा वाऱ्यावर खापर फोडायचा.

मग त्याचं विसरणं सुरू झालं. आधी नावं गेली, मग जंगलातून घरी यायची वाट. मुलगी फोनवर रोज तेच सांगायची, "आई, बंदूक घरात ठेवू नकोस."

"काडतुसं दिलीत मी डेन्झिलकडे. अगं, तुझ्या बाबांपाशी ती बंदूक तेवढी उरलीय. तीही काढून घेऊ?"

एका दुपारी ओसरीवरून खट् खट् आवाज आला. असल्या रायफलीचा चाप रिकामा ओढला, की आतली सुई नळीच्या कडेवर आदळून बोथट होते. मेव्हण्याने एकदा तसं केलं, तर एवढ्यावरून हॉबर्टने त्याच्याशी वर्षभर अबोला धरला होता. आज हॉबर्ट स्वतःच रिकामा चाप ओढत होता. विल्डा बाहेर धावली. नळी रस्त्याकडे रोखलेली होती, आणि रस्त्यावरून डेन्झिलची सून बाळाला घेऊन चालली होती.

विल्डा पायरीवर बसून रडली. एखादं काडतूस कुठल्या तरी जुन्या कोटाच्या खिशात राहिलंही असेल, घरभर शोधलं तरी खात्री कोण देणार?

दुसऱ्या दिवशी ती रायफल डेन्झिलकडे द्यायला निघाली. दारात हॉबर्ट उभा. आता भांडण होणार, म्हणून तिने मन घट्ट केलं.

त्याने अदबीने दार उघडलं. "छान रायफल आहे हो, बाई. कुणाची?"

"माझ्या नवऱ्याची."

"जिवापाड जपलेली दिसतेय. खारी मारतो का?"

"मारायचा. मलाही त्यानेच शिकवलं."

हॉबर्टचा चेहरा उतरला. "वारला का हो?"



"नाही," ती कशीबशी म्हणाली. "घरीच असतो."

"मग बरंय," हॉबर्ट म्हणाला, आणि ती रस्त्यापर्यंत पोचेस्तोवर त्याने दार धरून ठेवलं.