राधाकिशन नागरगोजे व परिवार

दिवाळी तोंडावर आली आणि छबुबाईच्या दारात यंदाही ते शुभेच्छापत्र येऊन पडलं. वर तालुक्याच्या नेत्याचा हसरा फोटो, पणत्यांची रांग, खाली पेनानं लिहिलेलं नाव: श्री. राधाकिशन नागरगोजे व परिवार.

राजनंदिनीनं ते मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "आई, परिवार म्हणजे आपण का?"

छबुबाईचा करंजी मुरडणारा हात थांबला.

राधाकिशननं घर सोडलं तेव्हा ही पोर पाळण्यात होती. तो मांजरसुंब्याच्या ढाब्यावर कामाला लागला आणि तिथंच त्यानं दुसरा संसार थाटला. इथं शिरूर कासारला छप्पर शाकारलं ते छबुबाईनं, पोरीला शाळेत घातलं तेही तिनंच. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. छबुबाई दर साल कारखान्यावर जायची आणि तिथं तशीच दुसरी एकटी बाई जोडीला घ्यायची. मोळी मात्र तिच्या डोक्यावर अर्धी कुणी दिली नव्हती.

पिठाचे हात पदराला पुसून ती पत्र घेऊन तडक नेत्याच्या कार्यालयात गेली. पत्रांवर नावं घालणारा हरिओम तिच्याच गल्लीतला होता.

"हरिओम, आमच्या घरात राधाकिशन तुला कधी दिसला?"

"न्हाई, काकू."

"मंग कावून लिहितो?"

"घर त्यांच्या नावानं लावतेत सगळे. परिवार लिहिलंय की. त्यात तुमी आल्याच."

"त्याचा परिवार मांजरसुंब्याला हाय. ढाब्यावर धाड हे पत्र. दोन लेकरं हायेत, वाचतील."

बाकावर बसलेला एक कार्यकर्ता हसला. "मावशी, फुकटचा कागद हाय. एवढं काय मनावर घेता?"

"मत मागाया येता तवा माझ्या दारात हात जोडता," छबुबाई त्याच्याकडे वळून म्हणाली. "तवा राधाकिशनला हुडकत मांजरसुंब्याला का जात न्हाई?"

तो मोबाईलमध्ये बघू लागला. हरिओमनं गुपचूप पत्र ओढून राधाकिशनच्या नावावर रेघ मारली आणि वर छबुबाईचं नाव घातलं.

तिनं ते हातात घेतलं नाही. "त्याचं नाव खोडून त्याच्यावर माझं नगं. कोरं काढ."

त्यानं कोरं पत्र काढलं. "काय लिहू? श्रीमती छबुबाई राधाकिशन..."

"छबुबाई नागरगोजे व परिवार. त्याचं नाव मधी घालू नको."

"आन् परिवारात कोण कोण, काकू?"

"पोरगी हाय की माझी. परिवाराला अजून काय लागतं?"

भाऊबीज झाली आणि ऊसतोडीची टोळी निघायची वेळ आली. पोरीला आजोळी पोचवून छबुबाईनं घराला कुलूप घातलं. दारावर, कुलपाच्या वर, पीठ कालवून तिनं पत्र चिकटवलं. त्यातला नेत्याचा फोटो आधीच कापून टाकला होता.

चौकात ट्रॅक्टर उभा होता. मुकादम जोड्यांची नावं घेत माणसं चढवत होता. शेवटी त्यानं इकडंतिकडं बघत हाळी दिली, "अर्धा कोयता आला का?"

छबुबाई बोचक्यावर बसून राहिली.

"ए अर्धा कोयता, चढ की. उशीर व्हायलाय."

ती जागची हलली नाही.

"नाव घ्या," ती म्हणाली.