नवव्या पानावरचा वस्ताद

माझं नाक दोनदा फुटलंय आणि दोन्ही वेळा धर्मपाल वस्तादांनीच फोडलंय. पहिल्यांदा लाठी शिकवताना, दुसऱ्यांदा त्यांच्या मुलीच्या कामासाठी. फुटल्याचा मला राग नाही. पण दुसऱ्या वेळी माझ्या तोंडाला काळं फडकं बांधलेलं होतं, त्यामुळे छापलेल्या पुस्तकात ते नाक कुणाला दिसलंच नाही. त्याचा राग मात्र अजून जात नाही.

नीट सांगतो. वस्ताद म्हणजे धर्मपाल शिवशरण. सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर त्यांनी आयुष्यभर वॉचमनकी केली. आता निवृत्त झालेत. अंग वाळलेलं, रंग काळाभोर, डोळे मोठाले आणि मिशा अशा भरघोस, की नवखा माणूस आधी मिशांनाच नमस्कार करतो. संध्याकाळी समाजमंदिरापुढच्या पटांगणात ते लाठी शिकवायचे. जयंतीच्या मिरवणुकीत त्यांची लाठी फिरायला लागली की बँजोवाले वाजवायचं विसरायचे. मी नंदीश, शेजारच्या गल्लीतला. घर लिंगायताचं, बोली कानडी, धंदा चादरी-टॉवेलचा. मी शिकायला गेलो तेव्हा वस्तादांनी जातपात काही विचारलं नाही. नडगीवर अशी सणसणीत दिली की मी लंगडत घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी परत हजर झालो.

त्यांची एक रीत होती. वस्तादावर वार करायचा तर हात राखायचा नाही. पूर्ण ताकदीनं आणि डोक्याचाच नेम धरून. कुणी हात आखडला की, "मला म्हातारा समजतो व्हय रं?" म्हणत ते त्याच्या बरगड्या शेकून काढायचे. आम्ही सगळ्यांनी जीव खाऊन मारलं, पण त्यांच्या डोक्याला कधी कुणाची लाठी लागली नाही. आमचा वार खाली यायच्या आधी त्यांची लाठी वर पोचलेली असायची.

त्यांची मुलगी कीर्ती चित्रं काढते. घरी बसून अमेरिकेतल्या एका कंपनीसाठी मारामारीची कॉमिक्स रंगवायची. बापाच्या हाताखाली वाढलेली, त्यामुळे डोळ्यांनी न बघितलेला फटका ती कागदावर घेत नाही. खोटा दिसतो म्हणते. म्हणून ती मला आणि वस्तादांच्या दुसऱ्या पठ्ठ्याला, गुंडा नावाच्या रिक्षावाल्याला, गच्चीवर बोलवायची, स्टँडवर कॅमेरा लावायची आणि एकमेकांना मारा म्हणायची.

त्या कॉमिक्सचा नायक सोनेरी केसांचा. आम्ही त्याला सोनेरीच म्हणायचो. हा गडी आमच्याकडे, म्हणजे आशियात, येतो, चार पानांत सगळी विद्या शिकतो आणि पाचव्या पानापासून ती आमच्यावरच चालवतो. आम्ही सगळे तोंड बांधलेले, एकसारखे, झुंडीनं येणारे आणि झुंडीनं मरणारे. मी भाल्यानं मेलोय, कड्यावरून पडून मेलोय, एकदा तर उकळत्या तेलात. गुंडाचं मुंडकं एकाच अंकात दोनदा उडालं आणि कंपनीच्या लक्षातही आलं नाही. गुंडाला त्याचं फार वाईट वाटलं होतं.

मग कीर्तीला पहिल्यांदाच अख्खं पुस्तक मिळालं. मुखपृष्ठावर तिचं नाव येणार होतं. त्यात सोनेरीला विद्या शिकवणारा एक म्हातारा गुरू होता. कीर्तीनं दुसरा चेहरा शोधलाच नाही, तिनं बापाला गच्चीवर उभं केलं. वस्ताद मिशांना तेल लावून आले. त्यांनी आम्हाला एवढं बडवलं की विचारू नका. माझं नाक दुसऱ्यांदा फुटलं ते त्याच दिवशी. रक्त गच्चीच्या फरशीवर ठिबकत होतं आणि वस्ताद ओरडत होते, "पडू नगंस, अजून पान संपलं न्हाय!"

चित्रं गेली आणि कंपनीचं उत्तर आलं. गुरू छान आहे, पण जरा आशियाई दिसू दे. मिशा काढा. पांढरी, बारीक, लांब दाढी द्या. डोळे बारीक करा, रंग उजळ करा.

कीर्तीनं वाचून दाखवलं. वस्तादांनी दोनदा ऐकलं.

"मग सोलापूर कुटं हाय म्हनावं? अमेरिकेत?"

पोरगी बापासारखीच. तिनं कंपनीशी भांडण मांडलं. शेवटी तिकडचा संपादक म्हणाला, ठीक आहे, मिशांसकट राहू दे हा चेहरा. पण नवव्या पानावर गुरू मरतो, तो कथेत लिहिलाय तसाच मेला पाहिजे. मारेकऱ्याचा वार थेट डोक्यात. ही पानं आठवड्याच्या आत दे, नाहीतर पुस्तक दुसऱ्या चित्रकाराला देतो, तो सगळं पहिल्यापासून काढेल.

आता मरण बघायचं होतं. शनिवारी सकाळी आम्ही गच्चीवर जमलो. ऊन आत्ताच चटके देत होतं. गुंडानं लाठी जमिनीला लावली, कपाळाला लावली आणि वार केला. वस्तादांची लाठी वर गेली, गुंडाचा अंगठा सोलून निघाला. कीर्ती ओरडली, "पप्पा, लागू द्या की!"

"द्यावं म्हनतो गं," वस्ताद म्हणाले, "पन हातच ऐकत न्हाय."

मग मी. रीत ती रीत, मीही हात राखला नाही. माझी लाठी हवेतच थांबली आणि त्यांची माझ्या मनगटावर अशी बसली की आत काहीतरी कट्टकन वाजलं. मी तिथंच खाली बसलो. वस्तादांना वाईट वाटलं, पण चेहरा खुललेलाच होता. एवढ्या वयात मरता येत नाही, याचा त्यांना आनंदच झाला होता.

कीर्तीनं कॅमेरा बंद केला. "जाऊ दे. गुरू मरत नाही असं कळवते त्यांना."

"मग?"

"मग पुस्तक जाईल दुसऱ्याकडं."

"आनि तोंड?"

"ते तो काढेल. बारीक डोळ्यांचं, दाढीवालं."

वस्ताद कठड्याला टेकून बराच वेळ मिशीला पीळ देत राहिले. मग म्हणाले, "लाव ते यंत्र. एकदा तू मार."

माझ्या हातातून सुटलेली लाठी कीर्तीनं उचलली. आमच्या सगळ्यांत तिचा हात जड. तिनं लाठी जमिनीला लावली, कपाळाला लावली. लहानपणापासून तिनं या माणसाच्या डोक्यावर हजारदा वार केला होता आणि प्रत्येक वार वरच अडला होता. तिनं जीव खाऊन मारलं. वस्तादांची लाठी नेहमीसारखी उठली. खांद्यापर्यंत आली. आणि मग त्यांनी ती खाली घेतली. मी समोर बसलो होतो, मी बघितलं. लाठी खाली घेतली आणि मान वर केली.

जात्याचा दगड फुटावा तसा आवाज झाला. कपाळापासून टाळूपर्यंत कातडं उघडलं, रक्त डोळ्यांत, मिशांत, बनियनवर. वस्ताद गुडघ्यावर आले आणि हळूच आडवे झाले. कीर्ती लाठी टाकून त्यांच्याकडे धावली. आरडाओरडा गुंडाचा. तो ऐकून वस्तादांची बायको येसूकाकू खालून झारा घेऊनच वर आली आणि तिनं कीर्तीच्या पाठीत झाऱ्याचे रट्टे घातले, मग माझ्या. मला का, हे विचारायची ती वेळ नव्हती.

गुंडाच्या रिक्षातून दवाखान्यात नेलं. डोकं कीर्तीच्या मांडीवर, टॉवेल माझ्या दुकानातला, लालभडक झालेला. ती रडत रडतच बापावर ओरडत होती, "लाठी खाली का घेतली? सांगा ना, का घेतली?"

वस्तादांनी एक डोळा उघडला. "आलं का फोटूत?"

"आलं."

"मग ऱ्हायलं की तोंड. मरतो म्हनलं, पन मरताना तोंड माजंच पायजे."

टाके पडले. माणूस वाचला. आठवडाभर येसूकाकू लेकीशी बोलली नाही, पण कीर्तीनं त्या आठवड्यातच पान काढलं. मान वर केलेला म्हातारा, लाठी खाली, डोळे मोठाले आणि उघडे. कंपनी खूश झाली.

काही महिन्यांनी पुस्तक आलं. अख्खी गल्ली शिवशरणांच्या घरात. वस्तादांनी चष्मा लावला आणि नववं पान उघडलं. मिशा होत्या. रंग तोच. त्यांनी चित्रातल्या जखमेवर बोट फिरवलं, मग स्वतःच्या डोक्यावरच्या व्रणावर. गुंडानं शिट्टी मारली. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

मग वस्ताद पुढची पानं उलटायला लागले. सावकाश, एकेक. सोनेरी ओरडत होता, सोनेरी मारत होता, फडकी बांधलेले आम्ही पटापट मरत होतो. पुस्तक संपलं. ते परत नवव्या पानावर आले.

"कीर्ते, माजी माती कुनी केली?"

त्यांनी पुस्तक कीर्तीपुढं धरलं.

"येवडी पानं हाईत. मेलेला मानूस गेला कुटं?"

"पुढं दाखवलंच नाही, पप्पा. त्यांच्या कथेत नव्हतं."

"आनि त्यो सोनेरी? पठ्ठा हाय की माजा. मातीला बी न्हाय आला?"

"तो बदला घ्यायला गेला."

"आदी माती, मग बदला," वस्ताद म्हणाले आणि पुस्तक मिटून ठेवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. एवढा मार खाल्लेल्या माणसाला असं बेवारस टाकलं, याची मला अशी चीड आली की तो सोनेरी समोर असता तर मोडक्या मनगटानं त्याचे दात पाडले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कीर्तीचा फोन आला. "नंदूदादा, पांढरे कपडे घालून या. आणि फडकं आणू नका."

गच्चीवर तिरडी बांधलेली. वस्ताद स्वतःच तिच्यावर निजले. येसूकाकू पदरात तोंड लपवून शिव्या देत होती. आम्ही खांदा दिला. खांदा नीट बसला नाही तेव्हा मयतानं उठून गुंडाच्या कानाखाली वाजवली आणि परत निजलं. कीर्तीनं सगळ्यांना चित्रात काढलं, गल्लीतल्या एकेकाला, ज्याच्या त्याच्या चेहऱ्यासकट. माझं वाकडं नाकसुद्धा. ते पान तिनं मापात कापलं आणि आमच्या प्रतीत नवव्या पानानंतर चिकटवलं. वस्ताद आता तीच प्रत लोकांना दाखवतात.

चिकटवायच्या आधी ते तिला म्हणाले होते, "त्याला बी घे की. कसा का आसंना, पठ्ठा हाय."

कीर्तीला ते मुळीच पटलं नव्हतं. तरी बापाचा शब्द म्हणून तिनं त्याला घेतलं. सगळ्यात मागं, गर्दीत, तोंडाला काळं फडकं बांधून. केस तेवढे सोनेरी दिसतात.