सलग दहा काचा

प्रयोगशाळेत मी बनवलेला सौर घट अंगठ्याच्या नखाएवढा होता. नायट्रोजन भरलेल्या बंद पेटीत, जाड हातमोज्यांतून तो करायचा. तो इतका छान चालायचा, की मी स्वतःला फार शहाणी समजू लागले होते. मग ऊन शोषणाऱ्या पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचा तोच थर हातभर लांब काचांवर, मशीननं, एकामागून एक द्यायची वेळ आली आणि आठवडाभरात माझा तोरा उतरला.

आमचा छोटा कारखाना वर्ध्याच्या एमआयडीसीत. तो इथंच असावा म्हणून भांडले मीच. मी सिंदी मेघेत वाढलेली, उन्हाळ्यात आमची हवा किती कोरडी असते ते माझ्या फुटलेल्या ओठांना विचारा. या थराचा खरा वैरी म्हणजे ओलावा. वर्ध्याची हवा आपलं अर्धं काम करील, असं मी पुण्याच्या संचालकांना छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यांनी अट घातली. मे संपायच्या आत आमच्यासमोर सलग दहा निर्दोष काचा काढून दाखवा, नाहीतर मशीन गुजरातला हलवू.

सकाळी काचा सुरेख निघायच्या. या थराची पिवळी शाई काचेवर पसरायची आणि तापलेल्या पट्टीवरून पुढं जाता जाता काळीभोर व्हायची. अकरा वाजून गेले की राखाडी डाग. मी शाई बदलली, वेग बदलला, तापमान बदललं. फक्त माणसं बदलायची बाकी होती. माझी चिडचिड बघून सगळे मला टाळू लागले. भिंतीवरचं ओलावा मोजायचं यंत्र मात्र सगळं ठीक असल्याचं दाखवत होतं.

मशीन चालवायची ती आष्टीकडची एक बाई. शेतात राबलेली, माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायची. काचेवरचा डाग माझ्याआधी तिला दिसायचा. संचालक यायच्या दोन दिवस आधी मी तिच्यावरच ओरडले, दार नीट लावत जा म्हणून. तिनं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "मॅडम, कूलरच्या खोलीत पापड सादळते. मंग हे काच काऊन नाई सादळनार?"

शेजारच्या पॅकिंगच्या खोलीत कूलर होता. चार बायका तिथं उकाड्यात बसतात म्हणून मीच मोठ्या मनानं बसवलेला. तो अकराला सुरू व्हायचा आणि काच पलीकडे द्यायला दार उघडलं की ओली हवा थेट मशीनवर यायची. मोजायचं यंत्र मी टांगलं होतं खोलीत कोरडी हवा सोडणाऱ्या नळीच्या झोताखाली, त्याला सगळं कोरडंच दिसणार! ओरडले होते सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली. लाज वाटली, खोटं कशाला सांगू.

पण वर्ध्याच्या मे महिन्यात त्या बायकांना कूलर बंद करा म्हणायला माझी जीभ रेटेना. खोली हलवायला दिवस नव्हते. त्यांनीच परस्पर बटण बंद केलं. डोक्याला ओला रुमालसुद्धा बांधायचा नाही, अशी ताकीद ताईनं सगळ्यांना दिली.

संचालक आले तेव्हा पत्रे तापले होते. नऊ काचा काळ्याभोर निघाल्या. दहावी काच बाहेर आली तीही काळीभोर, एकही डाग नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. त्या पाच जणींचा इतका अभिमान मला माझ्या पीएचडीचाही वाटला नव्हता.

संचालकांचा शर्ट पाठीला चिकटला होता. एवढ्या उकाड्यात इथं साधा कूलर का नाही, असं त्यांनी विचारलं. ताई दहावी काच उजेडाकडे धरून बघत होती. नजर न काढता ती म्हणाली, "आमाले सोसते साहेब. इले नाई सोसत."

मशीन इथंच राहील, असं ते म्हणाले. त्यांचा घाम वाळायच्या आत मी पॅकिंगसाठी मागच्या इमारतीतली खोली मागून घेतली आणि तिच्यात दोन कूलर.