पोपटीआधी घेतलेल्या गोळ्या

माझ्या मेव्हणीचं लग्न जमण्यात माझ्या पोटाचा मोठा वाटा आहे.

जानेवारीत रोह्याला सासरच्या शेतावर पोपटी होती. (मडक्यात वालाच्या शेंगा, कोंबडी, अंडी भरायची, भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करायचा. मग जावई किती खातो ते सगळ्यांनी बघायचं!) माझं पोट मुळात नाजूक. त्यात दुसऱ्याच दिवशी मेव्हणीला, वैशालीला, बघायला पाहुणे येणार होते. म्हणून मी आधीच बंदोबस्त केला. दाढ काढल्यावर उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आमच्या पेणच्या घरात पडून होत्या. त्या रोज घ्यायला लागलो.

"अहो, दाढ गेली, दुखणं गेलं. आता कसल्या गोळ्या?" बायकोनं विचारलं.

"पोटातले जंतूच मारून टाकतो. जंतू नाहीत तर पोट बिघडवणार कोण?"

यावर ती बॅग भरायला लागली. (उत्तर होतं, पण माहेरी जायच्या आनंदात तिनं ते गिळलं.)

पोपटी झकास झाली. मेव्हण्यांनी मातीच्या हातांनी शेंगा सोलल्या, पोरांनी खाली पडलेली अंडी फुंकर मारून खाल्ली. मी साबणानं हात धुऊन आडवा हात मारला. सकाळी सगळे ठणठणीत! आणि मी घरातल्या एकुलत्या एक संडासात.

पाहुणे आले, पोहे झाले, चहा झाला.

"थोरले जावई दिसत नाहीत?"

"येतायत, येतायत," सासूबाई म्हणत राहिल्या.

तेवढ्यात मुलाच्या मामांना संडासात जायची गरज पडली. (वडखळपासूनचे रस्त्यातले खड्डे खाल्ल्यावर कुणालाही पडते!) मामा नेमके डॉक्टर निघाले.

"आत कोण?" त्यांनी दार वाजवलं.

"थोरला जावई," मी क्षीण आवाजात ओळख करून दिली.

"काल काय खाल्लंत?"

"पोपटी."

बाहेर कुजबुज सुरू झाली. ज्या घरचं खाऊन जावई असा आडवा होतो, तिथली मुलगी कोण करणार? सासूबाई रडवेल्या झाल्या. "देवाशपथ सांगते, पोपटीत काय पन वाईट नवतं हो! आमी सगल्यांनी तीच खाल्ली हाय!"

मला फार वाईट वाटलं. शिवाय वैशालीचं लग्न मोडलं असतं, तर बायकोनं मला पेणला परत नेलं नसतं. मी आतूनच ओरडलो, "पोपटी चांगली होती! मीच अँटिबायोटिक घेत होतो! दुखत काही नव्हतं, पोट बिघडू नये म्हणून!"

मामा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत म्हणाले, "अहो, पोटात चांगले जंतूही असतात! एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी त्यांनी सगळी जागा धरलेली असते. वाईट जंतू आलाच तर त्याला बसायला जागा नाही, खायला दाणा नाही. जातो मुकाट्यानं. बाकीच्यांच्या पोटातून तो असाच गेला असणार. तुम्ही मात्र अख्खी गाडी त्याला रिकामी करून दिलीत! मीठ-साखरेचं पाणी प्या. आणि आता कृपा करून बाहेर या!"

मी भिंत धरत बाहेर आलो, मामा घाईनं आत गेले. ते येईपर्यंत मी ओटीवर मीठ-साखरेचं पाणी पीत बसलो.

मामा पंच्याला हात पुसत आले आणि बहिणीला म्हणाले, "आक्का, होकार देऊन टाक."

"पन आमचे जावई..." सासूबाई पुटपुटल्या.

"त्यांच्याकडे बघूनच सांगतोय!" मामा म्हणाले. "ज्या घरानं हा जावई इतकी वर्षं सांभाळला, तिथं आमच्या मुलाला काय कमी पडणार?"